सांधेवाल्याची चौकशी

होटगीत एक अंगणवाडी सेविका होती. सारं गाव तिला आक्का म्हणायचं. सोलापूरहून आलेला रूळ होटगीला फुटतो, एक वाट वाडी-गुलबर्ग्याकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे. आक्काची अंगणवाडी स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होती, आणि ही हाक खरोखर ऐकू यायची. सकाळी दाराशी उभं राहून ती पोरांना नावानं बोलवायची, कुणाला मराठीत, कुणाला कानडीत, आणि गल्लीच्या टोकाचं पोरसुद्धा तोंडातला घास संपवत पळत यायचं.

तिच्या गळ्याला गाठ आली. थायरॉइडची. सुई घालून तपासलं तर साधी निघाली, कर्करोगाची नव्हे. सोलापुरातल्या सर्जननी सांगितलं, "ठेवली तरी चालेल, सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून बघत राहू. काढायची म्हणाल तर काढू." गाठ पदराआडूनही दिसायची, घास गिळताना अडल्यासारखं व्हायचं, आणि वैशाखात पोरीचं लग्न होतं. आक्का म्हणाली, काढा.

गाठ निघाली. जखम सुरेख भरली, मानेच्या वळीत एक बारीक रेघ तेवढी उरली. पण आवाज गेला. मुका नाही झाला, फुसका झाला. बोलायला गेलं की शब्दांच्या आधी वारा बाहेर पडायचा आणि दोन वाक्यांत दम लागायचा. पाणी पिताना ठसका लागायचा तो वेगळाच. दवाखान्यातून घरी सोडताना सर्जन म्हणाले, घशात भुलीची नळी होती, बसलाय, येईल. दहाव्या दिवशी टाके काढताना तेच म्हणाले. दीड महिन्यानं पुन्हा गेली तेव्हा बाहेर रांग होती, आत दोन मिनिटं मिळाली, आणि उत्तर तेच मिळालं. पोरीच्या लग्नात पाहुण्यांना "या, बसा" म्हणायलासुद्धा आक्कानं पोराला पुढं केलं. अंगणवाडीत गाणी मदतनीस म्हणायला लागली.

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. चांगली चालती-बोलती बाई, हात दाखवून अवलक्षण. नसतं दुखणं विकत घेतलं. हे बोल आक्काला जखमेहून जास्त लागले. अपघातानं पाय मोडला तर लोक हळहळतात. आपण होऊन केलेल्या ऑपरेशनात काही बिघडलं तर लोक हिशेब मांडतात. आणि लोकांनी मांडायच्या आधी तो बाईनं स्वतःच मनात मांडलेला असतो. रात्री जाग आली की आक्काला डॉक्टरचा राग यायचा आणि पाठोपाठ स्वतःचा यायचा, कारण "काढा" तीच म्हणाली होती. आपण होऊन करून घेतलेल्या शस्त्रक्रियेतलं हे सर्वांत अवघड दुखणं आहे, आणि त्यावर कुणी औषध देत नाही. म्हणून मला आधी हे सांगितलं पाहिजे: ऑपरेशनला "हो" म्हणणं म्हणजे न सांगितलेल्या धोक्यालाही "हो" म्हणणं नव्हे. आक्काला हे कळायला वेळ लागला.

घरात दोन मतं होती. पोरगा सिमेंट कारखान्यात कंत्राटावर कामाला. त्याचे मित्र म्हणाले, दोन जीपा काढू, दवाखान्याच्या काचा फोडू, मग आवाज आपोआप येईल. असं करणाऱ्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. चहाच्या टपरीवर एकानं दुसरी वाट दाखवली. केस टाका, पंधरा-वीस लाख कुठं गेले नाहीत, फाइल माझ्याकडं द्या. नवऱ्याचं म्हणणं याच्या उलट होतं. डॉक्टर म्हणजे देवमाणूस, नशिबात होतं ते झालं, उद्या पुन्हा त्याच दारात जायची वेळ आली तर?

एक मारायला निघालेला, दुसरा पाया पडायला. पण नीट पाहिलं तर दोघंही एकाच जागी उभे होते. गळ्यात नेमकं काय झालं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं आणि ते शोधायला दोघंही तयार नव्हते.

शेजारी अप्पा राहायचे. रेल्वेत सांधेवाले म्हणून लागले आणि होटगी स्टेशनातच निवृत्त झाले. विजापूरची लाइन मीटरगेज होती तेव्हापासूनचे. ते येऊन ओट्यावर बसले, पोराचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले:

"गाडी घसरली की आमच्यात काय करतात सांगू का? पहिल्यांदा कुणाची गचांडी धरत न्हाईत. सगळ्या खात्यांची माणसं बोलवतात आणि जागेवर जॉइंट नोट लिहितात. सांधा कुठल्या बाजूला होता, कुलूप बसलं होतं का, चाक पहिल्यांदा कुठं चढलं, रजिस्टरात काय लिहिलंय. खुणा आधी, नाव मागून. गाडी घसरली म्हणजे सांधेवाल्यानंच केलं असं धरलं असतं, तर होटगीत कुणी नोकरी केली नसती. आणि रजिस्टर न बघता त्याला सोडून दिलं असतं, तर गाडीत कुणी बसलं नसतं. तुमच्या आईची गाडी घसरली हे खरं. रजिस्टर बघितलं का?"

पोरगा म्हणाला, "रजिस्टर त्यांच्याकडं हाय. ते कशाला देतील?"

"मागितलं का?"

मागितलं नव्हतं. बहुतेक जण मागतच नाहीत. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं कागद मागितले की ७२ तासांत द्यायचे, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपून ठेवायचे. कोर्टाची नोटीस लागत नाही, वकील लागत नाही. पोरानं साध्या कागदावर अर्ज लिहिला, आक्कानं खाली सही केली. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "केस करणार आहात का?" अप्पांनी पढवल्याप्रमाणं पोरगा म्हणाला, "आमचे कागद आम्हाला पाहिजेत," आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. तिसऱ्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा हातात पडला.

आक्का त्यात पहिल्यांदा आपली सही शोधत गेली. ती संमतिपत्रावर सापडली. दोन पानांचा छापील इंग्रजी मजकूर, मध्ये ठिकठिकाणी रेघा, भरायच्या जागा. ऑपरेशनचं नाव पेनानं भरलेलं. डॉक्टरचं नाव भरलेलं. त्याखाली "या शस्त्रक्रियेतले विशेष धोके" अशा अर्थाची ओळ आणि तिच्यापुढं तीन रिकाम्या रेघा, पेन टेकल्याची खूणसुद्धा नाही. अगदी तळाशी, "मला सर्व माझ्या भाषेत समजावून सांगितले आहे" या इंग्रजी वाक्याखाली, आक्काची वळणदार मराठी सही. अंगणवाडीच्या वजनाच्या रजिस्टरात ती रोज करते तीच. तिला आठवलं, ऑपरेशनच्या सकाळी एका मुलीनं कागद पुढं केला होता आणि बोटानं जागा दाखवली होती. "इथं, आणि इथं."

सोलापुरात ग्राहक आयोगात काम करणाऱ्या एक वकीलबाई होत्या. त्यांनी गठ्ठा चाळला, पण केस दाखल करायची घाई केली नाही. त्यांनी आधी एक जुनी गोष्ट सांगितली. ६ मे १९५३ ला रत्नागिरी जिल्ह्यात पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला आणलं. वडील स्वतः डॉक्टर. तिथल्या सर्जननी पुरेशी भूल न देता, माणसं लावून पाय ओढला, असं पुढं न्यायालयानं मानलं. ९ मे ला मुलगा गेला. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावानं तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे १९६८ मध्ये निकाल लागला. पंधरा वर्षांनी. भरपाई ३ हजार रुपये. पण त्या निकालानं एक माप कायमचं घालून दिलं. डॉक्टरनं जगातलं सर्वोत्तम कौशल्य दाखवावं असं कायदा म्हणत नाही, गुण येईलच अशी हमीही मागत नाही. पण रास्त ज्ञान, रास्त कौशल्य आणि रास्त काळजी एवढं त्यानं द्यायलाच हवं. त्याहून कमी दिलं तर तो निष्काळजीपणा.

"तेव्हा दिवाणी दावा लावावा लागला," वकीलबाई म्हणाल्या. "१३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयानं व्ही. पी. शांता खटल्यात सांगितलं की पैसे घेऊन केलेला उपचार ही ग्राहक कायद्याखालची सेवा आहे. म्हणून आता आयोगात जाता येतं. तुम्ही दवाखान्याला भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत आहे, तेव्हा फी लागणार नाही. मुदत दोन वर्षं. ऑपरेशनची तारीख मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पोलिसात जायचा विचार असेल तर तो मनातून काढा; २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर फौजदारी गुन्ह्याला निष्काळजीपणा फार ढळढळीत लागतो आणि आधी त्रयस्थ डॉक्टरचं मत लागतं. तसं इथं मला काही दिसत नाही. आयोगात केस दाखल होईल. टिकेल का, ते हे कागद मला सांगणार नाहीत, ते घशाचा डॉक्टर सांगेल. त्या सर्जनला न ओळखणाऱ्या डॉक्टरकडं जा."

टपरीवरचा माणूस फाइल मागत होता. या बाईंनी फाइल परत हातात दिली. कुणाच्या शब्दावर भरवसा ठेवावा हे आक्काला तिथंच उमगलं.

घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घातली. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या दिसल्या. "ई म्हणा" म्हटल्यावर उजवी पट्टी मधोमध सरकली, डावी जागची हलली नाही. डॉक्टरांनी समजावलं, आवाजाची नस थायरॉइडच्या अगदी पाठीशी, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खाचेतून वर जाते. जाड दोऱ्याएवढी. गाठ सोडवताना ती ताणली जाते, कधी बाजूच्या उष्णतेनं दुखावते. नस शाबूत असेल तर काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांत, कधी वर्षानंही हलायला लागते. कायमचा आवाज जाणाऱ्या शंभरात एखाद-दुसऱ्या. मग त्यांनी ऑपरेशनची टिपणं वाचली. दोन्ही बाजूंच्या नसा शोधून पाहिल्या, डावीकडे गाठ नसेला चिकटलेली होती, सोडवली, शेवटी नस अखंड असल्याची खात्री केली, असं त्यात वेळेसह लिहिलं होतं.

"हे टिपण काळजीनं काम करणाऱ्या माणसाचं आहे," डॉक्टर म्हणाले. "माझ्या हातूनही असं होऊ शकलं असतं. पण बाई, तुम्ही माझ्याकडं दहाव्या दिवशी यायला पाहिजे होतं. आवाज फुसका आणि पाण्याला ठसका म्हटल्यावर दुर्बीण घालायची. आवाजाचे व्यायाम तेव्हाच सुरू झाले असते. पाणी पिताना हनुवटी खाली घ्या, ठसका कमी होईल." एवढं साधं वाक्य तिला इतक्या आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

आता खुणा समोर होत्या. आक्काचा सगळा राग एका गाठोड्यात बांधलेला होता, तो सुटा झाला. नस दुखावली, ते शरीराचं आणि ऑपरेशनच्या अवघडपणाचं. हात चुकल्याचा पुरावा नव्हता, आणि नसताना तो होता असं म्हणणं म्हणजे काळजीनं काम केलेल्या माणसावर आळ घेणं. पण त्या तीन रिकाम्या रेघा? आणि दीड महिना "येईल, येईल"? ते कुणाच्याही नशिबाचं नव्हतं. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की संमती खरी ठरायची तर उपचार काय, दुसरा मार्ग कोणता, मोठे धोके कोणते आणि उपचार केलाच नाही तर काय होईल, एवढं रुग्णाला कळलेलं असलं पाहिजे. दूरच्या, कल्पनेतल्या धोक्यांची यादी वाचायला न्यायालय सांगत नाही. थायरॉइडमध्ये आवाज हा दूरचा धोका नव्हे. घशाच्या डॉक्टरांनी तो पाच मिनिटांत सांगितला. जीव वाचवायच्या घाईत एखादी गोष्ट सांगायची राहते, ती समजून घेता येते. इथं घाई कसलीच नव्हती. गाठ सहा महिने थांबणार होती, सर्जनही पाच मिनिटं थांबू शकले असते.

तिघं दवाखान्यात गेले: आक्का, पोरगा आणि अप्पा. सर्जन आधी ताठच होते. "तुमची सही आहे ना?"

"सही माझीच हाय, डॉक्टर," आक्का म्हणाली. आवाज इतका बारीक की त्यांना पुढं वाकून ऐकावं लागलं. "वाचून कुणी दाखवलं न्हाई. आवाज जाऊ शकतो म्हणून मला ठाऊक असतं तर मी गाठ ठेवली असती. माझं पोट आवाजावर हाय, अंगणवाडीत असते मी."

"तुम्ही अंगणवाडीत आहात, हे मला माहीत नव्हतं."

"तुम्ही विचारलं न्हाई."

त्यानंतर बराच वेळ ते फाइल उलटीसुलटी करत राहिले. मग त्यांनी चिठ्ठ्यांच्या पॅडवर गळ्याचं चित्र काढलं, नस कुठून जाते, डावीकडे गाठ कशी धरून बसली होती, कुठं ताण बसला असावा, सगळं दाखवलं. "हे मी आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले, "आणि टाके काढले त्या दिवशी तुम्हाला घशाच्या डॉक्टरकडं पाठवायला हवं होतं." पोरगा ज्यासाठी दोन जीपा काढणार होता ते वाक्य एवढंच होतं. कुणी ते मागितलं नव्हतं म्हणून इतके दिवस ते कुणी बोललं नव्हतं. डॉक्टरही माफीचा शब्द तोंडातून काढायला भितात, उद्या तोच कोर्टात पुरावा म्हणून उभा राहील असं त्यांना वाटतं. ती भीती मला कळते. पण तिच्यापायी रुग्णाला अंधारात ठेवलं की तो अंधारच त्याला वकिलाच्या पायरीपर्यंत नेतो.

ठरलं ते असं. आवाजाच्या व्यायामाचा आणि दुर्बिणीच्या तपासण्यांचा खर्च दवाखाना करील, आणि पुढं पट्टीसाठी काही करावं लागलं तर त्याचाही. गळ्याच्या ऑपरेशनचं संमतिपत्र मराठीत आणि कानडीत छापील, आणि धोक्यांच्या रेघा डॉक्टर स्वतः भरतील. आक्कानं हे तोंडी घेतलं नाही, दवाखान्याच्या कागदावर लिहून घेतलं. व्यवस्थापकांनी त्याबरोबर दुसराही एक कागद पुढं सरकवला आणि बोटानं जागा दाखवली. आक्कानं तो पोराच्या हातात दिला, "वाच." शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की आमची कोणतीही तक्रार नाही आणि पुढंही राहणार नाही. तिनं त्यावर सही केली नाही. वकीलबाईंनी बजावलंच होतं, पण बजावलं नसतं तरी तिनं ती केली नसती असं मला वाटतं.

सहाव्या महिन्यात डावी पट्टी किंचित हलताना दिसली. आवाज अर्ध्या गल्लीपर्यंत पोचतो, त्यापुढच्या पोरांना आणायला मदतनीस जाते. वळसंगच्या एका बाईला गळ्याचंच ऑपरेशन सांगितलं होतं, ती विचारायला आली. आक्कानं तिला करू नको म्हटलं नाही आणि कर असंही म्हटलं नाही, फक्त काय काय विचारायचं ते वहीच्या पानावर लिहून दिलं.

पोराला अजून वाटतं, आईनं फार सोप्यात सोडलं. नवऱ्याला वाटतं, एवढंही करायला नको होतं. दोघांना आक्काचं उत्तर एकच असतं. मुदत अजून संपलेली नाही. वर्षाची दुर्बीण होऊ दे. आवाज आला नाही आणि दवाखाना लिहून दिलेल्या शब्दाला मागं सरला, तर आयोगात जायचं. तक्रारीचा मसुदा वकीलबाईंनी करून ठेवला आहे. त्यात न भरलेल्या तीन रेघांविषयी आणि वाया गेलेल्या दीड महिन्याविषयी सविस्तर लिहिलं आहे. ऑपरेशन करणाऱ्या हाताविषयी एक शब्दही नाही.